एकाच फोनला जोडावे

रविवार, १४ नोव्हेंबर २०२१. सकाळी साडेदहा. स्थळ – आमचं धायरीचं घर, जेवणाचं टेबल. उपस्थित – माझे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे दादा म्हणतात, माझा नवरा विलास, मी – सुजाता – आणि बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर आमची मुलगी ईशा. अनुपस्थित – दादांची थोरली बहीण आक्का, मुक्काम लोणी काळभोर. त्यांना बोलावलंच नव्हतं. विषय मात्र त्यांचाच होता.

एवढं माझ्या वहीत आहे. काय ठरलं तेही आहे. जे वहीत नाही ते आज लिहिते आहे – आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विलासला नाही, ईशाला नाही. तुम्हालाच का सांगते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणारे म्हणतील, छे, सुजाता असं करणार नाही. तोच तर सगळा घोळ आहे.

मी याद्या करणारी बाई आहे. अकोल्याहून नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा बॅगेच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवलेली होती. संगणकाच्या कंपन्या तेव्हा इथे नुकत्या उघडायला लागल्या होत्या. पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात लागले, हिंजवडीला, आणि तिथेच केस पिकले. आमचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधला दोष शोधायचा, आणि तो नेमका कसा घडतो ते पायरीपायरीने लिहायचं, की वाचणाऱ्याला तोच दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. या कामात एकच गोष्ट अक्षम्य असते – नसलेला दोष आहे म्हणून लिहिणं. ऑफिसात मी ते एकदाही केलं नाही.

घरी केलं.

थांबा, मी पुढे गेले. क्रमाने सांगते.

दादा मूळचे शेतकरी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, त्या इमारतीखाली त्यांचं वांग्यांचं शेत होतं. गेली आठ-दहा वर्षं त्यांचं ऐकणं कमी कमी होत गेलं. त्यांच्याकडे दोन फोन. एक आम्ही घेऊन दिलेला, ईशाशी व्हिडिओवर बोलायला, आणि ऑफिसातून मला त्यांची चौकशी करता यावी म्हणून. दुसरा त्यांचा जुना. तो नंबर सगळ्या भावकीला पाठ, म्हणून तो ते सोडायला तयार नव्हते. त्या जुन्या फोनवर रोज दुपारी दोन वाजता आक्कांचा फोन यायचा. आक्कांना अक्षरओळख नाही. नातीने त्यांच्या बटणांच्या फोनवर दोन नंबरच्या बटणाला दादा लावून दिलेले – ते एक बटण दाबून धरायचं की भाऊ बोलतो, एवढंच त्यांना माहीत.

दादांना ऐकू यावं म्हणून फोन लाउडस्पीकरवर, पूर्ण आवाजात. म्हणजे लोणीत कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं माझ्या स्वयंपाकघरात. आणि अधूनमधून – मी.

एकदा मी मटार सोलत होते. आक्का म्हणाल्या, “तुझी सून म्हंजे निस्तं टाइमटेबल हाय बघ. मरायचं झालं तरी तिला इचारून मर. न्हाईतर यादीत नाव नसंल तुझं.”

दादा हसले. असे हसले की ठसका लागला, मीच पाणी नेऊन दिलं. पाणी पिताना माझ्याकडे बघून पुन्हा हसले. मीही हसले. खरं सांगू? मला लागलं होतं, पण फार नाही. वाक्य चांगलं होतं. रात्री विलासला मीच सांगितलं.

हे लक्षात ठेवा. कारण पुढे जे मी केलं त्याचं कारण ते वाक्य नव्हतं. तसं असतं तर मला कळलं असतं स्वतःचं.

त्या वर्षी गणपती झाल्यावर दादांना कानातलं मशीन आणलं. दोन्ही कानांत, वायरलेस. तपासणाऱ्या बाईंनी मला नीट समजावून दिलं – हे मशीन फोनला बिनतारी जोडायचं, म्हणजे फोनमधला आवाज थेट कानात. एकाच वेळी दोन फोन जोडलेले राहतात. ज्याची रिंग वाजेल तो घ्यायचा. मशीनवरचं बटण दाबलं की बोलणं सुरू. आणखीही फोन जोडून ठेवता येतात, पण एका वेळी दोनच जागे. मी लिहून घेतलं. घरी आल्यावर दोन्ही फोन जोडले. आलटून पालटून रिंग दिली. पंधरा वेळा तपासलं. पंधरा वेळा चाललं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता जुना फोन वाजला. दादांनी शिकवल्याप्रमाणे कानामागे बोट नेलं, बटण दाबलं आणि एकदम ताठ बसले.

“आक्का,” ते म्हणाले, “आगं तू माझ्या डोक्यात बोलतीयास!”

ते रडत होते. शहात्तर वर्षांचा माणूस, हातात फोनही नाही, हवेशी बोलतोय आणि डोळ्यांतून पाणी. बहिणीचा आवाज त्यांनी कित्येक वर्षांनी पूर्ण ऐकला असेल. मी टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते – तेव्हा आमचं काम घरूनच चालायचं – आणि मलाही भरून आलं. ते खरं होतं. ते मी नाकारत नाही.

पण त्या दिवसापासून घरात आक्कांचा आवाज येईनासा झाला.

कळतंय का मी काय म्हणते ते? आधी दोन्ही बाजू ऐकू यायच्या. आता फक्त दादांची. “हां.” “व्हय, तसंच हाय ते.” “न्हाई गं, बोलायची सोय न्हाई.” मग बराच वेळ काही नाही. मग हसणं. एकदा हसता हसता त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं – किंवा घड्याळाकडे बघितलं असेल, ते त्याच भिंतीवर आहे – आणि आवाज एकदम खाली आणला. “नंतर सांगतो,” म्हणाले.

काय नंतर सांगतो? कुणाबद्दल?

मी एक्कावन्न वर्षांची बाई. माझ्या हाताखाली बावीस माणसं. आणि मी दोन वाजायच्या आधी पाणी प्यायला उठायचे, म्हणजे दोन वाजता मी ओट्यापाशी असेन. ऐकू काय येणार? एका म्हाताऱ्याचे हुंकार. त्या हुंकारांमधल्या रिकाम्या जागा मी भरायचे. अठ्ठावीस वर्षांत या घरात मी काय काय कमी केलं याची यादी – आक्कांच्या आवाजात, मीच तयार केलेली. त्या काय बोलत होत्या मला माहीत नाही. आजही नाही. बहुतेक म्हशीबद्दलच बोलत असतील.

आता तो रविवार.

आदल्या दिवशी ईशा दादांशी व्हिडिओवर बोलत असताना आक्कांचा फोन आला. मशीन नियमाप्रमाणे त्या कॉलकडे वळलं, ईशाचा आवाज तुटला. दादांना कळेना नात गप्प का झाली. एवढंच झालं. हा दोष नव्हता, मशीन असंच चालतं – एक फोन वाजला की दुसरा थांबतो. उपाय मला माहीत होता: ईशाने दोनची वेळ सोडून फोन करायचा. एक ओळ. पण ईशाने तक्रार केली, विलासने मला विचारलं, “हे असं होणार का गं?” – आणि मला दार उघडं दिसलं.

मी म्हणाले, दोन फोन जोडले की असंच होतं. आवाज तुटतो, बॅटरी लवकर उतरते. पुढे मशीनही बिघडतं. एकाच फोनला जोडायला हवं.

माझ्या आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. दोष सांगताना माझा आवाज जसा असतो – सपाट – तसाच होता. कुणी मला उलट विचारलं नाही. का विचारतील? या घरात माझं लिहिलेलं कधी चुकलं नाही.

फक्त दादांनी विचारलं. “मग आक्काचा फोन?”

“पूर्वीसारखा लाउडस्पीकरवर घ्या की, दादा.”

त्यांनी मान हलवली. “बिघडायला नको,” म्हणाले. “एवढी खटपट करून आणलंय तू.”

लाउडस्पीकरवर. म्हणजे मला पुन्हा ऐकू येईल. हे होतं माझ्या मनात – हेच. आणि लाउडस्पीकरवर आता त्यांना धड ऐकू येत नाही हेही मला ठाऊक होतं. कान उतरतच होते. मशीन कानात ठेवून स्पीकर लावला तर आवाज घुमतो. काढून लावला तर तीन शब्दांतला एक कळतो. मी ते तपासलेलं होतं. वहीत निकालही लिहिलेला होता.

दुपारी मी त्यांचा जुना फोन हातात घेतला आणि मशीन त्याच्या जोडणीतून काढून टाकलं. मग सूचनांचा कागद टाइप केला, मोठ्या अक्षरात. चार्जिंग कधी, पुसायचं कशाने, अंघोळीआधी काढून कुठे ठेवायचं. पाचवी सूचना – “मशीन एकाच फोनला जोडावे.” बाकीच्या सगळ्या सूचना खऱ्या होत्या. पारदर्शक आवरणात घालून कागद फ्रिजवर लावला.

मला हवं होतं ते मला मिळालं का? आठवडाभर आक्कांचा आवाज पुन्हा स्वयंपाकघरात आला. पण दादांना कळत नव्हतं. त्या काही सांगायच्या, हे भलतंच उत्तर द्यायचे. त्या पुन्हा सांगायच्या, ओरडून. आणि ओरडून कुणी गंमत सांगत नाही – ओरडून माणूस फक्त तब्येत विचारतं. “जेवलास का? गोळी घेतली का? बरं हाय ना?” माझ्याबद्दल एक शब्द नाही. कशाबद्दलच नाही. पूर्वी एक्केचाळीस मिनिटं, पंचावन्न मिनिटं चालणारा फोन – मी दर रविवारी दादांच्या फोनमधली जाहिरातींची घाण साफ करते, तेव्हा कॉलच्या यादीत मला दिसायचं – दहा मिनिटांवर आला, मग चारवर, मग मिनिटाच्या आत. पुढे रोजचा फोन आठवड्याचा झाला.

मी ते आकडे बघत होते. कुणी माझ्यापासून लपवलेलं नव्हतं.

विलास एकदा म्हणाला, “अगं, मग आक्काच्या बटणाला नवा नंबर लावून दे ना. तो तर जोडलेला आहे.” बरोबर होतं. किती सोपं. मी वहीत लिहिलं – आक्कांच्या फोनमध्ये नवा नंबर. पुढच्या आठवड्यात ते काम पुढे ढकललं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. माझ्या वहीत सलग दोन आठवडे कुठलंच काम राहत नाही. हे अकरा महिने राहिलं, मग मी वही बदलली आणि नव्या वहीत ते उतरवलं नाही.

पुढच्या दिवाळीत आम्ही लोणीला गेलो. दादा ओसरीवर भाचरांच्या गराड्यात. आक्का मला आत घेऊन गेल्या, डबा काढला. सोललेले पावटे. “तुला कुठं येळ असतो सोलाय,” म्हणाल्या, “म्हनून बसल्या बसल्या सोलून ठिवले.” मग डब्याचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता, “त्याला आता बोलावंसं वाटत न्हाई गं माझ्याशी. चालायचंच. म्हातारपणी माणूस आतल्या आत जातं. तू मनाला लावून घिऊ नको, तुझ्याशी बी कमीच बोलत आसंल.”

त्या माझी समजूत काढत होत्या.

सांगायची जागा हीच होती. माझ्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आक्का, मधे तो डबा. चार शब्द पुरले असते. मी काय केलं? मी मान डोलावली. हो म्हणाले, कमीच बोलतात आताशा. आणि डबा घेतला.

याला काय म्हणायचं? खोटं आधीच बोलून झालं होतं. हे दुसरं काहीतरी आहे आणि मला वाटतं, ते जास्त वाईट आहे.

पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या साठे काकांनाही तसलंच मशीन लागलं. आमच्या फ्रिजवरच्या कागदाचा त्यांनी फोटो काढून नेला होता – माझे कागद इमारतीत फिरतात. महिन्याने ते आमच्याकडे चहाला आले. चहा संपवून कप खाली ठेवला आणि म्हणाले, “सुजाताबाई, तुमची पाचवी सूचना आमच्या मशीनने वाचलेली दिसत नाही.”

“म्हणजे?”

“दोन फोन जोडलेत. महिना झाला. अजून स्फोट वगैरे काही नाही.”

दादा समोर बसले होते. मशीन कानात, शब्द न् शब्द ऐकत. मी म्हणाले, “तुमचं मॉडेल वेगळं आहे, काका.”

“डबा तर तोच होता,” काका म्हणाले. “पण असेल. आम्ही काय, बँकेतली माणसं.”

आणि दादा – दादांनी माझी बाजू घेतली. “साठेसाहेब, तिनं तपासून बघितलंय सगळं. ती उगं लिवत न्हाई.”

मी कप उचलून आत गेले. नळ सोडला, कप विसळत राहिले. कितीतरी वेळ विसळला तो एक कप.

दोन आठवड्यांनी मी दादांना सांगितलं की मशीनचं नवं अपडेट आलंय, आता दोन फोन चालतात. हे तिसरं खोटं. जुना फोन घेतला, मशीन जोडलं. चार मिनिटं लागली. दादांनी माझे दोन्ही हात धरले. “किती दिस मागं लागली आसशील त्या कंपनीच्या,” म्हणाले. मग भावकीत, सोसायटीत, भेटेल त्याला सांगत सुटले – सुनेनं कंपनीला भाग पाडलं. आज दीड वर्ष झालं, अजून सांगतात. मी शेजारी उभी असते. कधीकधी लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात, आणि मी काय चेहरा करते कुणास ठाऊक.

त्या दिवशी दोनची वाट न बघता त्यांनी स्वतःच आक्कांना फोन लावला. मी समोरच होते. दादा सावरून बसले, सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“आक्का, आता पुन्ना आयकू येतंय मला! बोल!”

मला तिकडचं ऐकू आलं नाही. पण फार काही नसावं. दादा म्हणाले, “हां… हां… मी बरा हाय… आगं बोल की आजून…” मग कानामागचं बोट खाली आलं.

“ठिवला,” म्हणाले. “तिला बी कामं आसतील.”

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सकाळी अकरा वाजता कसली कामं? दोन वर्षं आक्कांनी फोनवर फक्त ओरडून तब्येत विचारली होती. आता फोन म्हटला की तेवढंच. विचारतात, उत्तर ऐकतात, ठेवतात. छत्तीस सेकंद, अठ्ठेचाळीस सेकंद. मशीन उत्तम चालतं. मी तपासलंय. दादा रोज दोन वाजता जुना फोन मांडीवर घेऊन बसतात, वाजला तर घेतात, न वाजला तर अडीचला उचलून चार्जिंगला लावतात. मध्यंतरी मला म्हणाले, “बोलायला काय लागतं गं माणसाला, सांग बरं? पूर्वी आमाला दिवस पुरायचा न्हाई.” मला विचारत होते. मी म्हणाले, होतं असं.

एका म्हाताऱ्या भाऊबहिणीचं बोलणं मी तोडलं, कारण ते मला ऐकू येत नव्हतं. एवढंच आहे. मी हे चार तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ‘कारण’च्या पुढे काहीतरी जास्त लिहिलं गेलं – कामाचा ताण, लॉकडाउन, परकं घर. ते सगळं खोडलं. त्या वर्षी सगळ्यांनाच ताण होता.

आज शनिवार. उद्या आम्ही लोणीला जाणार आहोत. विलासला मी सांगितलंय, सहजच, बरेच दिवसांत गेलो नाही म्हणून. तिथे दोघांना समोरासमोर बसवून सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण दादांना तिथे सगळ्यांपुढे कळू देणं बरोबर नाही. त्यांना आधी सांगायला हवं, इथे, एकट्याला. आक्कांना मग.

ते आत्ता बाहेरच्या खोलीत बसलेत. टीव्ही बंद आहे. मशीन कानात आहे. मी इथून साध्या आवाजात ‘दादा’ म्हटलं तरी पहिल्या हाकेला त्यांना ऐकू जाईल.

अजून हाक मारलेली नाही.